उकंडाजींची पांढरी पँट

आर्णीच्या बाजारात उकंडाजी मुनेश्वरांनी एकतीस वर्षं पोती उचलली. सोयाबीन असो की तूर, त्यांची रीत एकच. छाती भरून श्वास घ्यायचा, तो आत कोंडायचा, पोट दगडासारखं करायचं आणि उठायचं. गावात मात्र लोक त्यांना ओळखत ते बौद्धाचार्य म्हणून. वस्तीत लग्न म्हटलं की पांढरा सदरा, पांढरी पँट घालून उकंडाजी उभे राहणार आणि त्यांच्या भरदार आवाजात त्रिशरण-पंचशील सुरू होणार, हे ठरलेलं.

यंदा जानेवारीत यवतमाळला त्यांच्या प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं. आधी लघवी सुटत नव्हती; ऑपरेशनच्या वेळी घातलेली नळी काढल्यावर ती थांबेना. खाटेवरून उठलं की गळायची, खोकलं की गळायची, मोठ्यानं हसलं तरी गळायची. "हळूहळू ताबा येईल, हे व्यायाम करा," म्हणून डॉक्टरांनी एक छापील कागद दिला. दिवसाला चार डायपर लागू लागले. पांढरी पँट पेटीत गेली आणि चॉकलेटी बाहेर आली.

फेब्रुवारीत पुतणी शीला घरी आली. उकंडाजींचा धाकटा भाऊ ती सातवीत असतानाच वारला होता. तेव्हापासून तिला बापाच्या जागी हेच.

"मोठेबाबा, लग्नाची दहा मे धरली. विधी तुम्हीच लावसान."

"दुसरा कोणी पाह्य, बाई. माहा आवाज बसला."

"बसला? काल तुम्ही कुत्रं हाकललं त अर्ध्या गावानं आयकलं!"

उकंडाजी हसले नाहीत. हसणं परवडणारं नव्हतं.

"पत्रिकेत नाव छापाले देल्लं मी," शीला म्हणाली आणि निघून गेली.

भर मांडवात, तीनशे माणसांसमोर, पांढऱ्या पँटीत तासभर उभं राहायचं! त्यांनी आपल्या डोक्यानं उपाय काढला. पाणीच प्यायचं नाही. "टाकीच रिकामी असली त नळ गळन कसा?" असं त्यांनी बायकोला, रुखमाबाईंना, समजावलं. मार्चच्या उन्हात हा उपाय तीन आठवडे चालला. लघवी जळजळू लागली, पाच-पाच मिनिटांनी घाई होऊ लागली आणि शेवटी थंडी वाजून ताप भरला. डॉक्टरांनी औषध दिलं, चांगलं झापलं आणि वरच्या मजल्यावर समीक्षाकडं पाठवलं. ही व्यायाम शिकवणारी फिजिओथेरपिस्ट, वय जेमतेम पंचवीस.

"काका, कागदावरचा व्यायाम करता?"

"रोज शंभर खेपा."

"दाखवा बरं." तिनं त्यांच्या पोटावर हात ठेवला. उकंडाजींनी छाती भरली, श्वास कोंडला, गाल फुगवले.

"थांबा, थांबा! काम काय करत होते तुम्ही?"

"हमाली."

"तरीच! काका, हे पोतं उचलणं झालं. वर ओढायच्या ऐवजी तुम्ही सारं खाली ढकलून राह्यले. दोन महिने रोज शंभरदा!"

उकंडाजींचा चेहरा उतरला. तशी तिनं खुर्ची जवळ ओढली. "विहारात वंदना चालू असताना पोटात वारा आला, तर काय करता?"

"अडवतो, बाप्पा. काय करन?"

"बस, तेच! ती जागा आवळायची, वर ओढायची. आणि तोंडानं मोजायचं, मोठ्यानं. मोजणाऱ्याला श्वास कोंडता येत नाही. उठायच्या आधी आवळा, मग उठा. खोकायच्या आधी आवळा, मग खोका. आणि पाणी प्या!"

दुसऱ्या दिवशी सकाळी घरातून बाजारातल्या मापाऱ्याचा सूर निघाला. माप टाकताना मापारी 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो. एकतीस वर्षं कानांवर पडलेली तीच मोजणी.

"लाऽऽभ... दोऽऽन... तीऽऽन..."

"अवो, कोणाची तूर मोजून राह्यले?" रुखमाबाई चुलीपासून ओरडल्या.

पहिल्या आठवड्यात तीनवर सुटायचं. मग पाचवर. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात दहापर्यंत पकड टिकली, चाराचे दोन डायपर झाले. दर तासाची लघवी दीड तासावर, मग अडीचवर गेली. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत ते चॉकलेटी पँट घालून विहारापासून चौकापर्यंत चालले; घरी येऊन पाहिलं तर ओल रुपयाएवढी. त्या खुशीत दुसऱ्या दिवशी गॅसचं सिलिंडर उचललं, जुन्या सवयीनं श्वास कोंडून. पँट ओली. रुखमाबाईंनी आठ दिवस त्यांना घागरीलाही हात लावू दिला नाही. मेच्या पहिल्या आठवड्यात डायपर सकाळी घातला तसा संध्याकाळी कोरडा निघाला. भीती उरली फक्त खोकल्याची.

दहा मेला त्यांनी पेटीतून पांढरी पँट काढली. रुखमाबाईंनी डायपर पुढं केला. "असू द्या, आधाराले."

"नाई. आज नाई."

मांडव भरला. शीला आणि नवरदेव पांढऱ्या वस्त्रांत समोर उभे. उकंडाजींचा आवाज चढला, पंचशील झालं, मंगलगाथा अर्ध्यावर आली. आणि नेमकं तेव्हाच मागं आचाऱ्यानं तापल्या तेलात तिखट टाकलं. खकाणा उठला. पहिली रांग खोकली, नवरदेव खोकला, शीलाच्या डोळ्यांत पाणी आलं. उकंडाजींचा घसा खवखवू लागला. त्यांनी गाथा थांबवली. आवळलं, वर ओढलं आणि मग खोकले. एकदा, दोनदा, तीनदा.

पहिल्या रांगेत बसलेल्या रुखमाबाईंची नजर त्यांच्या चेहऱ्याकडं नव्हतीच. ती पँटीवर होती. पँट पांढरीशुभ्र होती.

उकंडाजींनी उरलेली गाथा अशा आवाजात म्हटली की मागचा आचारीसुद्धा झारा धरून उभा राहिला. फुलं पडली, टाळ्या वाजल्या.

शीला पाया पडायला वाकली. "मोठेबाबा, आवाज बसलाता म्हणे?"

"बसलाता. उठला," असं म्हणून उकंडाजी पोट धरधरून हसले, चार महिन्यांत पहिल्यांदा. मग त्यांनी पाणी मागवलं, सगळ्यांदेखत तांब्याभर घटाघटा प्यायले आणि रिकामा तांब्या रुखमाबाईंच्या हातात दिला.

"आन अजून एक!"