शेंदराखालचे चंद्र-सूर्य

"सोमवारपर्यंत तुझं झाड पाठव. बरं असलं तर आमच्या पाहणीला ये," असं पवईला संशोधन करणाऱ्या अनघाताई म्हणाल्या आणि माझी झोप उडाली. मी बारावीनंतर शिक्षण सोडलेला. असं बोलावणं पुन्हा येईल, याची मला खात्री नव्हती.

झाड म्हणजे वीरगळांची वंशावळ. लढाईत पडलेल्या वीरांच्या आठवणीसाठी उभारलेले हे कोरीव दगड. कोणत्या दगडावर काय आहे, काय नाही, याचा तक्ता करायचा. एखादी नवी खूण दोन दगडांवर सारखी दिसली, तर संगणक त्यांना एका फांदीवर बसवतो. माझा तक्ता फोटोंवरून भरलेला होता. पाठवण्याआधी निदान थोडे दगड डोळ्यांनी पाहावेत, म्हणून रविवारी घाटकोपरहून अमोलच्या बाइकवर निघालो. अमोल शाळेपासूनचा मित्र. पेट्रोल त्याचं, नाश्ता माझा.

आधी बोरिवलीचं एकसर. इथे सकाळीच जा. तिरप्या उन्हात कोरीवकाम उठून दिसतं, दुपारी तोच दगड सपाट वाटतो. दगडांवर कोरलेली होड्यांची लढाई पाहून अमोल खूश.

"पण दगडांना पोरं होतात काय रे?"

"कारागिरांना शिष्य होतात."

"आणि एखाद्याने शेजारच्या गावातलं बघून ढापलं तर?"

"तर फांद्यांचा गुंता होतो."

"म्हणजे वाट लागली ना तुझ्या झाडाची!"

मी हसलो खरा, पण मिसळ खाताना तेच डोक्यात होतं.

परतताना आरेत शिरलो. रस्ता सावलीचा, पण खड्डे आहेत, सांभाळून चालवा. एका पाड्याच्या कडेला झाडाखाली माझा लाडका दगड उभा होता. वीरगळाच्या माथ्यावर बहुधा चंद्र-सूर्य कोरलेले असतात; तक्त्यात फक्त त्याच्यापुढेच 'चंद्र-सूर्य नाहीत' असं होतं. त्यामुळे तो बुंध्यापाशीच वेगळा निघाला होता, सगळ्यांत जुन्या घडणीचा. हाच माझा शोध.

फोटोत माथा नुसता सपाट दिसला होता. जवळ गेलो. वरच्या भागावर बोटभर जाड शेंदूर होता.

"नखाने जरासा खरवड," अमोल कुजबुजला.

"हात नाही लावायचा हं!" पलीकडे झाडलोट करणाऱ्या एक मावशी तिथूनच ओरडल्या. "देव आपणहून शेंदराची खोळ सोडतो."

"कधी सोडतो, मावशी?"

"त्याच्या मनात येईल तेव्हा. माझ्या सासूच्या वेळी सोडलेली एकदा."

"मग खाली चंद्र-सूर्य होते का?"

"ते बघत कोण बसतंय? आम्ही पाया पडलो."

मी हात मागे घेतला.

घरी येऊन त्या 'नाहीत'च्या जागी प्रश्नचिन्ह टाकलं. मग तक्त्यातला प्रत्येक 'नाही' तपासला. कितीतरी ठिकाणी खरं उत्तर 'दिसलं नाही' एवढंच होतं. पुन्हा झाड काढलं, तर माझी जुनी फांदी गायब. सगळ्या काड्या एकाच ठिकाणाहून फुटलेल्या. झाड कमी, खराटा जास्त. तसंच पाठवलं, कारण लिहून.

सोमवारी संध्याकाळी उत्तर आलं: "प्रश्नचिन्हं पाहिली. शनिवारी ये. टोपी आण."

टोपी आजच आणली. पण आरेतला तो दगड मनातून जात नाही. तो खोळ सोडेल तेव्हा मी तिथे असेन असं नाही. असलोच, तर आधी पाया पडायला वाकेन की आधी वर बघेन, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.