रिकामी दिसणारी टाकी

चौसाळ्याच्या फाट्यावर गाडीची वाट बघत उभा होतो, तेव्हा सलीमभाईंच्या मुलीचा फोन आला. "काका, अब्बा गेले..." एवढंच बोलली. मग फोनमध्ये कितीतरी वेळ नुसती खरखर येत राहिली. त्याला आता दीड महिना झाला.

साखर कारखान्याच्या इन्स्ट्रुमेंट विभागात आम्ही वीस वर्षं शेजारी बसलो. त्यांच्याइतका संशयी माणूस मी पाहिला नाही. एकदा गरम पाण्याची टाकी साफ करायची होती. कंट्रोल रूममध्ये पातळी जवळजवळ शून्य दिसत होती, म्हणून दोन कामगार खालच्या झाकणाचे नटबोल्ट खोलायला बसले होते. टाकीतली पातळी व्होल्टेजच्या रूपात तारेतून कंट्रोल रूमला जायची. सलीमभाईंनी टाकीपाशी जाऊन तारेच्या तिथल्या टोकाचं व्होल्टेज मोजलं आणि ओरडले, "हात काढा बे! टाकी भरलेली हाय!" त्यांनी पत्र्यावर पाना आपटला. बद्द आवाज आला. झाकणामागं वाफाळतं पाणी छातीच्याही वर उभं होतं... दोघा कामगारांनी सैल केलेले नट परत आवळले.

"बापू," ते मला म्हणाले, "टाकी खरंच सांगत होती. पण तार लई लांब, त्यात गंजके जोड. व्होल्टेज वाटेतच गळतं, आन् आपल्याला भलतंच ऐकू येतं." मग नवी तार टाकून त्यांनी व्होल्टेजऐवजी करंटचा सिग्नल बसवला. तो एका टोकाला निघतो तेवढाच दुसऱ्या टोकाला पोचतो.

गेल्या आठवड्यात, हंगाम बंद असताना, भर दुपारी कंट्रोल रूममध्ये गेलो. टाकीच्या त्या जुन्या तारेला एक काट्याचं मीटर अजून लावलेलं आहे. तारेचं पलीकडचं टोक कशालाच जोडलेलं नाही. तरी काटा थरथरत होता. शेजारून मोटारीची केबल गेली असली की लांब तार काहीबाही उचलते, हे मला पाठ आहे. पण सगळ्या मोटारी बंद होत्या. मी स्वतः स्विच बघून आलो. काटा थांबेना.

कुणी बोलावल्यासारखा टाकीकडं निघालो. वाटेत माणूस नाही. तिथं नुसतं ऊन होतं आणि चिकटपट्टी गुंडाळलेलं तारेचं टोक. परतताना ध्यानात आलं, एवढा मोकळा रस्ता असून मी अगदी उजव्या कडेनं चालतोय, डावीकडं एका माणसाची जागा सोडून... सलीमभाईंना डाव्या कानानं ऐकू यायचं नाही, म्हणून मी कायम त्यांच्या उजवीकडून चालायचो.

मधे सरकायचं धाडस मला झालं नाही.