वाडीच्या गाडीचा भाव

"खरा काय तो भाव सांग गो बाय. गावकीला सांगायचाय."

हे बोलायच्या आधी डोंगरातल्या वाडीवरून येणारे बाबा शोरूममधल्या गाडीच्या बॉनेटवर बोटांच्या पेरांनी टकटक करायचे आणि कान जवळ नेऊन ऐकायचे. फणस पिकला का ते बघायला वाजवतात ना, अगदी तसं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी टेबलामागून ओरडलेच, "ओ बाबा, पोचा पडेल!" तर वळून म्हणाले, "पेरांनी पोचा पडत असंल तर आमच्या चढावर कशी टिकायची गो ही?" मी मुकाट्याने माहितीपत्रक काढलं. मी मुकाट्याने काही करणं ही तशी दुर्मीळ गोष्ट आहे, आमच्या घरी विचारा हवं तर.

मी महाडला हायवेवरच्या एका शोरूममध्ये गाड्या विकते. माहेर पोलादपूरचं, त्यामुळे वरच्या वाड्यांवरून कुणी आलं की साहेब मलाच पुढे करतात. गिऱ्हाइकांचे प्रकार तुम्हालाही ठाऊक असतील. कुणी आल्या आल्या मोबाईलवरचा भाव दाखवून भांडतो. कुणाच्या मेव्हण्याला ठाण्यात म्हणे केवढी तरी सूट मिळालेली असते. कुणी बायकोला रंग निवडायला लावून स्वतः बाहेर फोनवर बोलत बसतो आणि शेवटी रंग बदलतो. बाबा ह्या कशातच बसत नव्हते. सत्तरी उलटलेली, पांढरी टोपी, खांद्याला कापडी पिशवी, आणि गाडी त्यांना स्वतःसाठी नकोच होती. गाडी वाडीला हवी होती. अख्ख्या वाडीत मिळून एक.

उमरठच्या पलीकडे, डोंगराच्या अंगावर त्यांची वाडी. तळीयेला दरड आली तेव्हापासून पावसाने जोर धरला की तलाठी येऊन सांगून जातो, खाली उतरा, शाळेत चला. उतरा म्हणायला काय जातंय! आदल्या पावसाळ्यात वाडीने सगळीकडे फोन लावले, एकही जीपवाला वर यायला तयार झाला नाही. म्हातारी माणसं, एक ओली बाळंतीण, तापाने फणफणलेली पोरं, सगळी रस्त्याच्या कडेला प्लास्टिक डोक्यावर धरून बसून राहिली. मग गावकी बसली. सरकारी काही नव्हे हो, घरटी एक माणूस देवळात येतो आणि वाडीचं काय ते ठरवतो. ठरलं की वाडीची स्वतःची गाडी घ्यायची. थोडी वर्गणी घराघरातून, बाकीचे पैसे मुंबईत कामाला असलेल्यांच्या मंडळाने द्यायचे, आणि गाडी पावसाच्या आधी वर आली पाहिजे. भाव करायला पाठवलं बाबांना.

"तुम्हालाच का हो?" मी विचारलं होतं.

"वरची आळी नि खालची आळी, दोघी माझ्याशी बोलतात म्हणून. एकमेकींशी बोलत नायत."

वरच्या आळीला गाडी नकोच होती, देवळापुढे मंडप हवा होता. फार मिनतवारीने ती हो म्हणाली होती. हे सगळं बाबांनी मला पहिल्याच दिवशी पाणी पिता पिता सांगून टाकलं, आणि तेव्हापासून माझ्या जिवाला जो घोर लागला तो लागलाच. मला काय गरज होती सांगा! महिन्याचा गाड्यांचा आकडा पुरा करायचा, पगार घ्यायचा, घरी जायचं. पण उन्हाळा सरत चाललेला, कशेडी घाटाच्या बाजूला दुपारनंतर आभाळ काळवंडायचं, आणि मी काचेतून तिकडेच बघत बसायचे.

बाबा बाजाराच्या दिवशी यायचे. टकटक, कान, आणि तोच प्रश्न. मी भाव सांगितला की लगेच पुढचा, "मागून काय निघणार नाय ना?" विमा धरला का? धरला. पासिंग? धरलं. नंबरप्लेट? तीही धरली. मग समाधानाने निघायचे, एसटी स्टँडपर्यंत जायचे आणि तिथून परत यायचे. घामाघूम. "बाय, आणि ती खाली पायाशी टाकायची जाजमं? ती गाडीतच येतात का येगळी?" एकदा तर रविवारी सकाळी फोन. मी पोळ्या लाटतेय, आणि बाबा विचारतायत की गाडीला जॅक देतात का. मी करवादलेच, "बाबा, देतात हो! स्टेपनी पण देतात. आणखी काय हवं, ड्रायव्हर देऊ?" तर म्हणाले, "तसं नाय गो. गावकीत कोन काय इचारंल सांगता येत नाय. मी गप बसलो तर लोक म्हनतील, ह्याने मधल्यामधी खाल्ले." मग मीच गॅस बंद करून, कणकेच्या हाताने फोन धरून त्यांना पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं.

त्या गाडीला तेव्हा एवढी मागणी होती की 'सूट' म्हटलं की आमचे साहेब हसायचे. साहेब पुण्याकडचे, बदलून आलेले, माणूस वाईट नाही पण कायम घाईत. बाबांना त्यांच्यापुढे बसवलं की मी उगाच मधेमधे बोलायचे. पगार साहेबांचा, बोली बाबांची. मी नेमकी कुणाच्या बाजूने बोलतेय हेच मला कळेनासं व्हायचं. पण बाबांनी चिकाटी सोडली नाही. आवाज न चढवता, हात जोडून, दर खेपेला थोडं थोडं करत त्यांनी साहेबांना एका आकड्यापर्यंत आणलं. त्यात सीट कव्हरं, जाजमं, चिखलाची झापडं, सगळं आलं. साहेब फोनवर दुसऱ्याच कुणाशी बोलत होते. फोनवर हात ठेवून म्हणाले, "ठीक आहे बाबा, करून टाकू तुमच्यासाठी."

आणि बाबांनी पिशवीतून विडा काढला. टेबलावर नारळ ठेवला, त्याच्या पुढ्यात दोन पानं, पानांवर सुपारीचं खांड. आमच्याकडे हा विडा ज्याने उचलला त्याने शब्द दिला. सोयरीक असो, गावकीतला तंटा असो, विडा उचलल्यावर मागे फिरायचं नसतं. साहेबांचं नुकतंच जेवण झालेलं. त्यांनी फोन कानाशी तसाच ठेवून पान उचललं, सुपारीसकट तोंडात टाकलं आणि मला खुणेने सांगितलं, मस्त आहे.

मी बघतच राहिले. बाबांनी डोळे मिटून नमस्कार केला, टोपी नीट केली आणि निघाले सुद्धा. मी मागे धावले, "बाबा, बुकिंगची रक्कम? पावती?"

"आता पावती कशाला गो? साहेबांनी विडा खाल्ला ना."

आत येऊन मी साहेबांना सांगितलं तर ते एवढे हसले की त्यांना ठसका लागला. "अगं, मला वाटलं मुखवास आहे!" मी म्हटलं, साहेब, हसू नका, तो माणूस आज जाऊन गावकीत हा भाव सांगणार. "मग रक्कम भरायला सांग त्यांना," म्हणाले. मी फोन करून करून दमले. वर रेंज असेल तर ना! शेवटी बाबांचा निरोप आला, मंडळाचा चेक मुंबईहून निघालाय.

चेक यायच्या आतच कंपनीकडून फर्मान आलं. त्या गाडीवर आता कसलीही सूट नाही, आणि सीट कव्हरं वगैरे सामान गिऱ्हाइकाने पैसे मोजूनच घ्यायचं, नाहीतर नंबर पुढच्याला. पुढचा म्हणजे रांगच होती. एकच गाडी यायची होती पावसाच्या आधी. मी बाबांना कसाबसा निरोप धाडला, ते पहिल्या एसटीने एकटेच आले. त्या दिवशी बॉनेट वाजवलं नाही.

"साहेब, तुमी विडा खाल्लात," एवढंच म्हणाले.

साहेब आधी गोंधळले, मग चिडले. "अहो बाबा, मी पान खाल्लं म्हणून कंपनी गाडी स्वस्त देणार आहे का?" मला राहवलं नाही. मी म्हटलं, साहेब, पानाचं सोडा, 'करून टाकू' तर तुम्ही म्हणालात ना? माझ्यासमोर म्हणालात. त्यावर साहेब माझ्याकडे असे बघायला लागले की नोकरी गेलीच असं मला वाटलं. पण ते उठून आत गेले, कुणाकुणाला फोन केले, आणि बाहेर येऊन नुसती नाही म्हणून मान हलवली. त्यांच्याही हातात नव्हतं, हे आता मला कळतं. तेव्हा मात्र मला त्यांचा मनस्वी राग आला होता.

बाबा खुर्चीत बसले. पिशवी त्यांनी मांडीवर घट्ट धरली. मी चहा आणला. म्हटलं, "बाबा, मी येते तुमच्याबरोबर वर. गावकीपुढे उभी राहते आणि सांगते की चूक आमची आहे, तुम्ही खोटं नाही बोललात."

"येशील गो, तू येशील. नि वरची आळी काय म्हनंल? मग ऱ्हाऊ दे, दिवाळीनंतर बघू. पाऊस दिवाळीपर्यंत थांबतो का?"

मी बिस्किटाचा पुडा त्यांच्यापुढे सरकवला.

चहा अर्धा तसाच ठेवून त्यांनी हळूच विचारलं, "बाय, पावत्या दोन होतात का? ठरलेल्या भावाची मंडळाच्या नावाने. नि वरचे काय ते माझ्या नावाने, सामानाचे म्हनून."

"होतात. पण एवढे पैसे तुम्ही कुठून आणणार?"

"म्हस इकीन. नायतरी आता गवत कापवत नाय."

"बाबा, हा भाव बरोबर नाही. मी रोज गाड्या विकते, मला कळतं ना! कशाला एकट्याने भरता?" माझा आवाज चढला होता, बाजूच्या टेबलावरचं गिऱ्हाईक वळून बघत होतं. मला रडू येत होतं आणि रडू आलं की मी भांडते, ही माझी जुनी खोड.

"वरडू नको गो," बाबा म्हणाले. "साहेबांनी शब्द पाळला असंच मी सांगनार. तू मधी बोलायचं नाय. बोलनार नाय ना?"

मी मान हलवली. दुसरं काय करणार होते?

गाडी न्यायला अर्धी वाडी टेम्पोत बसून आली. झेंडूच्या माळा, चाकाखाली लिंबं, बायकांनी ओवाळलं. वरच्या आळीचे पुढारीही आले होते, आणि तेच सगळ्यांत जोरात सीट कव्हरांवरून हात फिरवत होते. मग त्यांनी साहेबांना बोलावून शाल आणि श्रीफळ दिलं, विड्याचा मान राखला म्हणून. साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. नको नको म्हणत होते, पण लोकांनी हट्टच धरला म्हणून त्यांनी ती शाल भर उकाड्यात अंगावर घेतली. बाबा गर्दीच्या मागे उभे होते. माझ्याकडे बघत होते, सारखे, लहान पोर आईकडे बघतं तसे. मी पेढे वाटत राहिले.

त्यानंतर साहेबांनी माझ्याजवळ त्या शालीचा विषय कधी काढला नाही. पण बाबांच्या गाडीचं पहिलं सर्व्हिसिंग आलं तेव्हा तेलपाण्याचं बिल त्यांनी मुकाट्याने स्वतःच्या खिशातून भरलं.

जुलैत तो पाऊस लागला. दोन दिवस कशेडीत वाहतूक बंद, सावित्री नदीचं पाणी रस्त्याला टेकलेलं, आणि वर वाडीला उतरायचा हुकूम. मी शोरूममध्ये बसून सकाळपासून बाबांचा नंबर फिरवत होते. लागेना. गिऱ्हाइकाला काय सांगतेय त्याचं भान नव्हतं. एकाला मी पेट्रोल गाडीचं म्हणून डिझेलचं मायलेज सांगितलं. दुपार टळून गेल्यावर कधीतरी फोन लागला. मागे पोरांचा कलकलाट.

"उतरली गो सगळी," बाबा म्हणाले. "म्हातारी पन उतरली, शेरडं पन. शाळेत हावत. गाडीने लय फेऱ्या केल्या."

"आणि तुम्ही?"

"मी पन उतरलो की. शेवटल्या फेरीत. जागा नव्हती, शेरडू मांडीवर घेऊन बसलो."

मी फोन ठेवून बाथरूममध्ये जाऊन तोंड धुऊन आले. त्या वर्षी दरड काही आली नाही. वरच्या आळीतले चार जण म्हणालेच म्हणे, उगाच पळवलं आम्हाला.

पुढे बाबांचं येणं कमी झालं. बाजाराला आले की आत न येता काचेतून हात करायचे. मग तेही थांबलं. मला वाटलं, दमले असतील, म्हैसही नाही, बाजाराला यायचं काम काय त्यांना.

परवा एक तरुण आला. अंगात कंपनीचा टी-शर्ट, मुंबईत कामाला, गावी सुट्टीवर आलेला. आल्या आल्या म्हणाला, "ताई, मी बाबांच्या वाडीतला. मला तीच गाडी पाहिजे, सेम टू सेम."

मला एवढा आनंद झाला! "बस रे, बस. बाबा कसे आहेत? त्यांना घेऊन यायचंस की."

"बाबा गेले ना, ताई. शिमग्याच्या आधी. तुम्हाला कळलं नाय?"

नाही कळलं. कोण कळवणार होतं मला, मी कोण त्यांची? मी टेबलावरचे कागद सारखे करत बसले. तो बिचारा पुढ्यातलं पाणी प्यायला, आणि मग त्याने भावाचं काढलं. वाडीला जो भाव दिलात तोच मला द्या, म्हणाला. सीट कव्हरं, जाजमं, सगळं त्यातच. आमच्या बाबांनी साहेबांना विडा देऊन केलेला भाव, वाडीत अजून सांगतात.

"नाही रे जमणार," मी म्हटलं.

"का नाय जमणार? तेव्हा कसा जमला?"

काय सांगणार होते मी? मधे बोलणार नाही म्हणून मान हलवून बसले होते ना बाबांपुढे. मी म्हटलं, तेव्हाची गोष्ट वेगळी होती. त्याला ते पटलं नाही. अभिमानाने आणि थोडं रागाने माझ्याकडे बघत तो म्हणाला, "बाबा असते तर त्याच भावात दिली असतीत तुम्ही."

"हो," मी म्हटलं. "बाबा असते तर तुला त्याच भावात मिळाली असती."