फोन कोणी कट केला

रत्नदीपचा माणसांच्या बोलण्यावर विश्वास नव्हता, आणि हे तो मोठ्या कौतुकाने सांगायचा. ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या दवाखान्यांत आणि ऑफिसांत बसवलेली टेलिफोनची एक्स्चेंजं सांभाळणं हा त्याचा वीस वर्षांचा धंदा. बाहेरून एकाच केबलमधून तीस जणांचे आवाज आकडे होऊन येतात आणि मशीनमधलं कार्ड ज्याचा त्याला वेगळा करून देतं. पण त्या तिसांखेरीज आणखी एक वाट असते, तिच्यावर आवाज नसतोच. फोन कोणाचा आला, उचलला का, आधी कोणत्या बाजूने ठेवला, एवढेच निरोप तिच्यावरून जातात. त्याला सिग्नलिंग म्हणतात. रत्नदीप म्हणायचा, आवाजात माणूस वाट्टेल ते बोलेल, सिग्नलिंगमध्ये कोणाची थाप चालत नाही. बायको ‘मी फोन केलेला’ म्हणाली तरी हा आधी मोबाइल उघडून वेळ बघायचा. अशा माणसाशी संसार करणं सोपं नव्हतं.

मार्चमध्ये त्याची आत्या भीमाबाई हॉस्पिटलात अॅडमिट झाली. तिला आठवड्यातून दोनदा ठाण्यातल्या एका डायलिसिस सेंटरला जावं लागे. मंगळवारी ताप भरला, म्हणून दिवस बदलून घ्यायला तिने कळव्याच्या घरून चार वेळा फोन लावला. चारही वेळा कट. शुक्रवारपर्यंत पाय सुजले, धाप लागली आणि तिला उचलून न्यावं लागलं.

“ती पोरगी नमस्कार म्हणते,” आत्या खाटेवरून म्हणाली. “मी जय भीम म्हटलं की फोन ठेवते. काउंटरवरची कल्पिताच ती. आवाज ओळखते मी तिचा.”

रत्नदीपच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आडनाव कळल्यावर चहाचा कप बदलणारी माणसं त्याने स्वतः पाहिली होती, त्यामुळे आत्याचं म्हणणं पटायला त्याला पुरावा लागला नाही. तरी पुरावा त्याच्या हातातच होता, कारण त्या सेंटरचं एक्स्चेंज तोच सांभाळायचा.

दुसऱ्या दिवशी तो तिथे गेला. कल्पिता ही खारीगावातल्या, एके काळी मिठागरात राबलेल्या घरची मुलगी, कंत्राटी नोकरीत होती. तिने त्याला बघून मोबाइल पालथा ठेवला, आणि तेही त्याने मनात टिपलं. न विचारता चहा आणून दिला, तेव्हा तर त्याची खात्रीच पटली. मनात काही असल्याशिवाय कोण एवढं गोड वागतं? चहा पिऊन तो मशीनपाशी बसला आणि सिग्नलिंगची नोंद उघडली. आत्याच्या नंबरवरून चार फोन आलेले. चारही उचललेले. चारही सहा-सात सेकंदांत कट झालेले, आणि सेंटरच्या बाजूने. त्याने कागद छापून घेतला, सोबत तक्रार लिहिली आणि वरच्या मजल्यावर व्यवस्थापक मेघना मॅडमना नेऊन दिली. चौकशी होईपर्यंत घरी बस, असं कल्पिताला त्याच दुपारी सांगितलं गेलं. कंत्राटी माणसाची चौकशी म्हणजे नारळच, हे रत्नदीपला ठाऊक होतं. त्याला बरं वाटलं.

सोमवारी आत्याने पुढची तारीख विचारायला पुन्हा फोन लावला आणि तो पुन्हा कट झाला. कल्पिता तर खारीगावात घरी बसलेली.

रत्नदीपने आधी काउंटरवरच्या बदली मुलीवर संशय घेतला. तो तिच्या शेजारीच जाऊन बसला आणि आत्याला परत फोन लावायला सांगितलं. काउंटरवरचा फोन वाजलाच नाही. फोन मशीनने उचलला होता. रत्नदीपने मशीनला हेडफोन लावून ऐकलं. नमस्कार, डायलिसिससाठी एक दाबा, बिलासाठी दोन. हे कल्पिताच्या आवाजात दोन वर्षांपूर्वी रत्नदीपनेच रेकॉर्ड केलेलं होतं. समोरच्याने नमस्कार केला तर उत्तर द्यायचं, एवढी रीत आत्याला होती. रेकॉर्डिंग चालू असतानाच तिने उंच सुरात, लांबवून, जय भीम म्हटलं.

फोनचं प्रत्येक बटण म्हणजे एकदम वाजणारे दोन सूर असतात. आत्याच्या उंच आवाजात ते दोन सूर क्षणभर एकत्र लागायचे आणि कार्डाला वाटायचं, कोणीतरी सात दाबलं. सातला तिथे काही नव्हतं, म्हणून मशीन फोन ठेवून द्यायचं. एरवी इतका छोटा क्षण कार्ड सोडून देतं. पण म्हातारे पेशंट बटण नीट दाबत नाहीत म्हणून रत्नदीपनेच ती वेळ निम्म्यावर आणली होती.

सिग्नलिंग खोटं बोललंच नव्हतं. फोन सेंटरच्या बाजूने कट झाला, एवढंच ते सांगत होतं. त्यात कल्पिताचं नाव रत्नदीपने आपल्या पदरचं घातलं होतं.

आत्याला त्याने सगळं समजावलं. आपण मशीनला जय भीम घालत होतो हे कळल्यावर ती आधी हसली. मग तिने विचारलं, “आणि त्या पोरीचं काय केलंस?” त्याला लाज वाटली, आणि कितीतरी वर्षांत प्रथमच थाप मारावीशी वाटली. पण त्याने खरं ते सांगितलं.

मेघना मॅडमना त्याने आपली चूक लेखी दिली. बुधवारी कल्पिता कामावर आली. तो काउंटरसमोर उभा राहिला, माफी मागितली, आणि आपल्याला असं का वाटलं हेही सांगितलं.

“तुम्हाला तसं वाटलं, त्याला मी काय बोलू, दादा,” ती म्हणाली. “पण तुम्ही माझ्या हातचा चहा प्यायलात आणि वर जाऊन कागद दिलात. मध्ये एकदा विचारलं असतंत तर?”

आता काय करू, एवढंच त्याने विचारलं.

“माझा आवाज काढा त्या मशीनमधून.”

“मग कोणाचा घालू?”

“तुमचा.”

त्याने बटणाची वेळ पूर्ववत केली आणि कल्पिताचं रेकॉर्डिंग पुसलं. नमस्कार म्हणताना त्याचा आवाज चिरकत होता. पाच वेळा करावं लागलं. आता त्या सेंटरला फोन लावला की रत्नदीप बोलतो. फोन कट झाला की लोक त्यालाच शिव्या घालतात, आणि त्या अगदी बरोबर पत्त्यावर जातात.