काचेआडची उभी पोर

दोन हजार अठरा साल, मला एकाहत्तरावं. बारावीची परीक्षा देऊन माझी नात स्नेहल उन्हाळ्यात आठवडाभर चपलांच्या दुकानात कामाला लागली होती. दुपारी रस्त्यानं जाताना ती काचेतून दिसली. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, तरी पोर बगळ्यासारखी एका पायावर उभी राहून दुसऱ्याला आराम देत होती.

संध्याकाळी विचारलं, "बसत का नाहीस गं?"

"मनाई आहे, आबा. गिऱ्हाईक जोड घालून बघतंय तेवढा वेळच त्याच्या पुढ्यात बुटक्या स्टुलावर बसायचं. आणि तुम्ही भांडायला येऊ नका हां, काढून टाकतील मला."

माझं डोकंच फिरलं. मी चौथी नापास, जन्मभर हमाली केली. आमचा मुकादम आईबापावरून शिव्या द्यायचा, पण पोतं उतरलं की म्हणायचा, "टेक जरा, लेका." बैलाच्या मानेवरचं जूसुद्धा दुपारी उतरवतात. मग या थंडगार दुकानात एक पोर घडीभर बसली, तर कुणाच्या डोळ्यांत खुपतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी शटर वर जाताच मी आत शिरलो, स्नेहलला समोर बसवून पाय पुढे केला, आणि दुपारपर्यंत मला एकही जोड पसंत पडला नाही.