मुरबाडला मागितलेली मुदत

“पैसे भरायचेत. फारम काढा,” दामूशेठ म्हणाले आणि चेकबुक माझ्या टेबलावर ठेवले. त्यांच्या वॉरंटची मुदत त्याच आठवड्यात संपत होती. मी चेकबुक त्यांच्याकडे परत सरकवले.

शहापूरच्या बाजारपेठेत मी शेअर दलालीचे काम करतो. दामूशेठची सापगावला भातगिरणी आहे. भात सडायचा जुना हलर तांदूळ कमी आणि कणी जास्त काढू लागला होता. गिऱ्हाइके दुसऱ्या गिरणीकडे वळू लागली होती. कापणीपूर्वी नवे यंत्र बसले नाही, तर हंगाम हातचा जाणार होता. खात्यातली रक्कम त्या यंत्रासाठी राखलेली होती, आणि ती ते वॉरंटवर घालायला निघाले होते.

वॉरंट म्हणजे कंपनीचा शेअर ठरलेल्या भावाने, ठरलेल्या तारखेपर्यंत, थेट कंपनीकडून घेण्याचा हक्क. काही कंपन्यांची वॉरंट्स शेअरप्रमाणे बाजारात विकत मिळतात. ती स्वस्त असतात, कारण ती शेअर नसतात. त्यांवर लाभांश मिळत नाही. शेअर हवा असल्यास ठरलेला भाव वेगळा मोजावा लागतो. तारीख उलटली की वॉरंटची किंमत शून्य होते.

दामूशेठनी ती पंधरा रुपयांना एक, अशी घेतली होती. कंपनीचा एक कारखाना मुरबाडच्या एमआयडीसीत आहे आणि त्यांचे जावई तिथे पॅकिंगला आहेत. कंपनी घरची वाटण्यास एवढे कारण पुरले. ठरलेला भाव दोनशे रुपये होता. शेअर दोनशे पंधराच्या वर गेला असता, तर फायदा होता. तो दीडशेवर उतरला आणि वॉरंटला गिऱ्हाईक उरले नाही.

“बाजारात दीडशेला मिळणारी वस्तू तुम्ही दोनशेला का घेता?” मी विचारले.

“इसार दिलाय ना, भाऊसाहेब.”

इसार म्हणजे जमिनीच्या व्यवहारात आगाऊ दिलेली रक्कम. इसार देऊन मागे फिरणाऱ्याला या भागात पुढे कोणी जमीन दाखवत नाही. ही तुलना दामूशेठनी वॉरंट घेतानाच केली होती आणि मी ती तेव्हाच खोडून काढली होती. इसार घेणाराही बांधलेला असतो आणि देणाराही. इथे फक्त कंपनी बांधलेली आहे. शेअर घेण्याचा हक्क तुमचा आहे, बंधन नाही. हे मी पुन्हा सांगितले. त्यांनी मान डोलावली. या धंद्यात मान डोलावण्याचा अर्थ लावणे मी फार पूर्वीच सोडून दिले आहे.

“आमच्या घरात इसार देऊन कोनी पाठ फिरवली नाय,” ते म्हणाले. “पैसं आता नसतील, तर मुदत मागायची. दोन मानसं घेऊन जायाचा, च्या घ्यायचा, चार महिनं वाढवून घ्यायचं. चला तुमी मुरबाडला.”

मी नकार दिला. पण एकटा गेला असता, तर हा गृहस्थ कोणाच्या तरी हातात चेक ठेवून आला असता. म्हणून गेलो.

गिरणीच्या टेम्पोतून गेलो. आत कोंड्याचा वास होता. दामूशेठ चालवत होते; सीटवर आमच्या मध्ये घरच्या तांदळाची पिशवी होती. गेटवर वॉचमनने पिशवी उघडून पाहिली. जावयांनी अकाउंट्समधल्या एका बाईंची वेळ घेतली होती. बाईंनी सगळे शांतपणे ऐकून घेतले.

“काका, मुदत वॉरंट काढतानाच ठरलेली असते. ती आम्हाला इथून वाढवता येत नाही.”

“वरच्या साहेबांना भेटू का?”

“त्यांनाही येत नाही.”

दामूशेठनी तांदळाची पिशवी बाईंच्या टेबलावर ठेवली. मग त्यांनी विचारले, “आनि मी पैसं भरलं नाय, तर कंपनी काय म्हनंल?”

“काही नाही म्हणणार. तुमचं नावसुद्धा कोणी विचारणार नाही, काका.”

बाई धीर देत होत्या. दामूशेठचा चेहरा मात्र कोणी अपमान केल्यासारखा झाला. तांदूळ कंपनीच्या नियमात बसत नव्हता. बाईंनी पिशवी नम्रपणे परत केली.

परतताना सापगावचा पूल आला. पुलावर टेम्पो हळू करून दामूशेठ म्हणाले, “इसार घेनारा मानूसच नाय. मंग सबूद दिला कोनाला?”

 इसाराची गाठ मुदतीपूर्वी सुटावी, एवढेच मला हवे होते; ती सुटली होती.

पैसे भरले गेले नाहीत. वॉरंट्स डीमॅट खात्यातून नाहीशी झाली. त्यांसाठी दिलेली रक्कम बुडाली. ती वाचवण्याचा मार्ग त्या आठवड्यात उरलाच नव्हता. हलर कापणीपूर्वी बसला. पुढे शेअर थोडा चढला, तेव्हा दामूशेठनी फोन करून मला टोमणाही मारला. शेअर दोनशेला अजून पोहोचलेला नाही, एवढेच मी सांगितले.

त्या दिवशी शहापूरला मला उतरवताना त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली होती. “तुमी तरी ठेवा. परत घरी नेत नाय.” गिऱ्हाइकाकडून मी काही घेत नाही. ती घेतली.

पहिल्यांदा वॉरंट घेणाऱ्याने भावाआधी मुदत वाचावी. ती मुदत वाढवून मागायला दार नाही, आणि दाराआड माणूसही नाही.