कोरी जाळी

सगळे त्याला जाळीबुवा म्हणत. डिशवॉशर दुरुस्त करणारे इतरही होते, पण हा आधी जमिनीवर मांडी ठोकून बसायचा आणि तळाची जाळी बाहेर काढायचा. ताटातलं खरकटं तिथेच अडकतं. कोण चोरून गोड खातं, कोणाच्या गोळ्या पोटात न जाता ताटातूनच पसार होतात, हे घरच्यांच्या आधी त्याला कळायचं. पण तोंडाला कुलूप. तीस वर्षांत त्याने कोणाचं कोणाला सांगितलं नव्हतं. बायको म्हणायची, गुपितांचं राहू द्या, अंगात मोरीचा वास तेवढा छान मुरलाय.

त्या दिवशीचा फोन दूरच्या शहरातून होता. एका निवृत्त मास्तरीणबाईंची मुलगी बोलत होती. आईचं मशीन बिघाड दाखवतंय, आतून नीट साफ करून द्या, म्हणाली. आई रोज एकला जेवते, एक चाळीसला भांडी धुऊन झाल्याचा निरोप मोबाइलवर येतो आणि मग माझा जीव भांड्यात पडतो, असंही तिने सांगितलं. सांगताना तिचं तिलाच हसू आलं.

जाळीबुवा पोचला तेव्हा साडेबारा झाले होते. पाणी उडवणाऱ्या पात्याची भोकं क्षाराने बुजली होती, पाणी मऊ करणाऱ्या मिठाचा कप्पा रिकामा होता. मशीन रोज चालत होतं यात शंका नव्हती. मग त्याने जाळी काढून उजेडात धरली. एक शीत नाही की तेलाचा तवंग नाही. दाराच्या रबराच्या घडीत बोट फिरवलं, तेही स्वच्छ निघालं. वास नुसता साबणाचा. भांड्यांच्या कप्प्यात एक ताटली, एक वाटी, एक चमचा, लखलखीत. शेजारचा फ्रिज बंद होता आणि दारात फडकं अडकवून उघडा ठेवलेला.

लिंबाचं सत घातलेल्या गरम पाण्यात पातं भिजत टाकून त्याने हळूच विचारलं, बाई, तुम्ही जेवता कुठे?

बाईंच्या हातातलं घड्याळ कोपरापर्यंत सरकलं होतं. वर्गात धडा समजावून द्यावा तसं त्यांनी सांगितलं. एकटीला घास उतरत नाही. मागे भूक नाही म्हटल्यावर मुलगी धावत आली, महिनाभर राहिली आणि हातची नोकरी घालवून बसली. पुन्हा ते नको. चहाबिस्किटावर सहा महिने निघालेत. ताटली तेवढी रोज धुवायची.

एक चाळीसला निरोप गेला नाही. दहा मिनिटांत फोन वाजला.

"जेवले गं," बाई म्हणाल्या. "भाजी जरा खारट झाली, तरी दोनदा वाढून घेतली. मशीन खोललंय ना, म्हणून निरोप नाही."

इतकं सराईत खोटं ऐकून जाळीबुवाला भीतीच वाटली. मुलीने त्याला फोनवर बोलावून हसत विचारलं, किती घाण निघाली? बाईंनी त्याच्याकडे बघून, सांगू नका, अशी एकदाच मान हलवली.

"काहीच निघालं नाही, ताई. जाळी कोरी आहे. आई जेवत नाहीत. तुम्ही आजच निघा."

मुलगी लगेच निघते म्हणाली.

बाई रागावल्या नाहीत. "या वेळी नोकरी गेली तर तुमच्यामुळे," एवढंच बोलल्या. ते त्याला लागलं, कारण ते खरंही होतं. त्याने आपला डबा उघडला, त्या ताटलीत अर्धं जेवण वाढलं आणि त्यांच्यापुढे ठेवलं.

बाई ओळखीचं हसल्या. उठल्या, भरलेली ताटली अलगद उचलून मशीनच्या कप्प्यात ठेवली, दार लावलं आणि बटण दाबलं. वीज तोडलेली होती, नळ्या जमिनीवर पडल्या होत्या. कसलाही आवाज झाला नाही. तरी त्या खुर्चीत बसून त्या दाराकडे बघत राहिल्या, चाळीस मिनिटं.

मग त्यांनी रुमालाने ओठ टिपले.

"पोट भरलं," त्या म्हणाल्या.

मुलगी यायला अजून चार तास होते.